कार्ड आत, यंत्र मात्र आपल्याच नादात

वाचकांचे प्रश्न : हातातला संगणक एसडी कार्डावरून आपोआप सुरू होत नाही तेव्हा

या वेळचे सगळे प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत, म्हणून एकत्र घेतले. फाइलींची नावं आणि आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. यंत्रावर त्या अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या, आणि वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळी अक्षरं छोटी.

प्रश्न : माझ्या हँडहेल्डमध्ये आत ईएमएमसी (बोर्डावरच पक्की बसवलेली साठवणुकीची चिप) आहे आणि बाजूला मायक्रोएसडीचा स्लॉट. कार्डावर लिनक्सची इमेज लिहिली. चालू करताना आवाज कमी करायचं बटण दाबून ठेवलं की यादी येते आणि तीत कार्ड निवडलं की सगळं व्यवस्थित चालतं. पण नुसतं पॉवर बटण दाबलं की दर वेळी आतलीच सिस्टीम उघडते. कार्ड बदललं, इमेज तीनदा लिहिली. कार्ड असेल तर कार्डावरून, नसेल तर आतून, हे आपोआप कसं जमेल?

उत्तर : इमेज चौथ्यांदा लिहू नका. यादीतून निवडल्यावर कार्ड चालतंय, म्हणजे कार्ड, बूटलोडर (सिस्टीम उचलून सुरू करणारा प्रोग्रॅम), कर्नल (लिनक्सचा गाभा) सगळं शाबूत आहे. अडलंय ते एवढ्यावरच, की आधी कुणाचं दार ठोठवायचं हे दुसराच कुणीतरी ठरवतोय. तो कोण, हे प्रोसेसरवर अवलंबून असतं.

प्रोसेसरच्या पोटात कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम असतो, बूट रॉम. ऑलविनरच्या चिपांमध्ये तो आधी एसडी कार्ड पाहतो, मग ईएमएमसी. तिथे कार्डावर नीट बूटलोडर असेल तर वेगळं काही करावंच लागत नाही. रॉकचिपचं उलटं आहे. उदाहरणार्थ आरके३३९९ आधी एसपीआय फ्लॅश (बोर्डावरची छोटी स्मृतिचिप) पाहतो, मग ईएमएमसी, आणि एसडी कार्ड शेवटी. आतल्या ईएमएमसीत बूटलोडर सापडला की रॉम तिथेच थांबतो. कार्डाकडे जायचं की नाही हे मग तो आतला बूटलोडर, बहुधा यू-बूट, ठरवतो. तुमच्या लक्षणांवरून तुमचं यंत्र या दुसऱ्या गटातलं दिसतं.

यू-बूटशी बोलायला दुसऱ्या संगणकाला जोडणारी सिरियल तार लागते. यूएसबी-सिरियल जोडणी ३.३ व्होल्टची घ्या. ५ व्होल्टची लावलीत तर प्रोसेसरची पिन जळू शकते. तीनच तारा जोडायच्या: ग्राउंडला ग्राउंड, टीएक्सला (पाठवणारी) आरएक्स (घेणारी), आरएक्सला टीएक्स. लाल वीजतार मोकळी सोडा. वेग बहुतेक यंत्रांवर ११५२००, रॉकचिपवर बहुतेकदा १५०००००. पडद्यावर नुसता कचरा उमटत असेल तर तार नाही, हा आकडा चुकलाय.

'हिट एनी की टू स्टॉप ऑटोबूट' दिसताच कुठलीही कळ दाबा. ती ओळ चमकून जात असेल तर बूटडिले (कळीची वाट पाहण्याचे सेकंद) ० आहे. पॉवर देण्याच्या आधीपासूनच कळ दाबत राहा, म्हणजे सापडेल. बूटडिले उणे २ असेल तर यू-बूट कळ तपासतच नाही, आणि उणे १ असेल तर आपोआप बूट करणंच बंद असतं. हे उणे १ आणि उणे २ गल्लत होऊन बसवलेले पुष्कळदा सापडतात.

आत गेल्यावर आधी 'एमएमसी लिस्ट' द्या. मग 'एमएमसी डेव्ह १' आणि 'एमएमसी इन्फो', तसंच ० साठी. क्षमता वाचून कार्ड कुठलं ते ठरवा, अंदाजाने नाही: यू-बूटमधला क्रमांक आणि लिनक्समधला क्रमांक एकच असतील याची हमी नसते. कार्ड १ आहे असं धरू. 'प्रिंटएन्व बूट_टार्गेट्स' दिल्यावर 'एमएमसी० एमएमसी१ यूएसबी०' असं काहीसं येईल. 'सेटएन्व बूट_टार्गेट्स' लिहून पुढे अवतरणांत 'एमएमसी१ एमएमसी० यूएसबी०' द्या, मग 'सेव्हएन्व'. पुढच्या वेळेपासून कार्ड आधी पाहिलं जाईल आणि नसेल तर यू-बूट मुकाट्याने ईएमएमसीकडे वळेल. काही बिघडलं तर 'एन्व डिफॉल्ट -ए' आणि पुन्हा 'सेव्हएन्व', म्हणजे मूळपदावर.

एवढं करूनही कार्ड ओलांडून पुढे जात असेल तर पार्टिशनवरचा (कार्डाच्या विभागावरचा) बूट झेंडा, म्हणजे 'इथून सुरू करा' ही खूण, पाहा. यू-बूटची नेहमीची स्क्रिप्ट कार्डावरची सगळी पार्टिशनं चाळत नाही. ज्यांच्यावर बूट झेंडा आहे तेवढीच पाहते. एकावरही नसेल तर फक्त पहिलं. तिथे सगळ्यात वरच्या फोल्डरात किंवा बूट फोल्डरात ती आधी 'एक्सट्लिनक्स/एक्सट्लिनक्स डॉट कॉन्फ' शोधते, मग 'बूट डॉट एससीआर', मग ईएफआयची फाइल. झेंडा चुकून डेटाच्या पार्टिशनवर लागलेला असला की बूटचं पार्टिशन शेजारीच असून दिसत नाही. एफडिस्कमध्ये 'ए' दाबून तो हलवता येतो.

इंटेल किंवा एएमडीवरच्या हँडहेल्डचं गणित वेगळं. तिथे यू-बूटच्या जागी यूईएफआय नावाचं फर्मवेअर असतं आणि क्रम बूटऑर्डर नावाच्या नोंदीत असतो. लिनक्समधून 'ईएफआयबूटएमजीआर' दिलं की यादी दिसते, '-ओ' लावून क्रम बदलता येतो. पण काही फर्मवेअर एकदा कार्डाविना चालू झालं की कार्डाची नोंद पुसून टाकतात, आणि आत विंडोज असेल तर तेही अपडेटनंतर स्वतःला वर ढकलू शकतं. कार्डाच्या ईएफआय पार्टिशनवर 'ईएफआय/बूट/बूटएक्स६४ डॉट ईएफआय' ही फाइल ठेवली, की निदान नोंद नसतानाही कार्ड ओळखलं जातं. ग्रब (लिनक्सचा तिथला बूटलोडर) बसवताना '--रिमूव्हेबल' जोडलं की ती तिथे आपोआप जाते.

प्रश्न : पूर्ण बंद करून चालू केलं की कार्डावरून येतं. रीस्टार्ट दिलं की मात्र काळा पडदा, नाहीतर आतली सिस्टीम. कार्ड खराब समजून जास्त वेगाचं नवं आणलं, तर आधी कधीतरी होणारं आता दर वेळी होऊ लागलं.

उत्तर : नवं कार्ड वेगवान आहे, म्हणूनच दर वेळी होऊ लागलं.

एसडी कार्ड वीज मिळाल्यावर ३.३ व्होल्टच्या संकेतांनी बोलू लागतं. यूएचएस (अतिवेगवान) कार्ड असेल तर लिनक्स त्याला १.८ व्होल्टवर नेतं, कारण वरचे वेग तिथेच मिळतात. अडचण अशी, की १.८ वरून ३.३ वर परतायला कार्डाची वीज तोडण्याखेरीज दुसरा मार्ग नाही. रीस्टार्टमध्ये प्रोसेसर नव्याने सुरू होतो, पण पुष्कळ यंत्रांत कार्डाची वीज तशीच चालू राहते. बूट रॉम ३.३ मध्ये हाक मारतो, १.८ मध्ये बसलेलं कार्ड ओ देत नाही. रॉमच्या दृष्टीने स्लॉट रिकामा.

खात्री करायची रीत: काळा पडदा असतानाच कार्ड काढा, दोन सेकंदांनी पुन्हा बसवा आणि रीसेट दाबा. सुरू झालं तर निदान पक्कं. शिवाय 'डीएमईएसजी'ने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींमध्ये 'न्यू अल्ट्रा हाय स्पीड एसडीआर१०४' अशी ओळ असेल तर कार्ड १.८ वर गेलेलं आहे.

उपाय डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे यंत्रात काय काय आहे हे कर्नलला सांगणाऱ्या वर्णनात आहे. 'डीटीसी'ने त्याची डीटीबी फाइल उलगडून मजकुरात आणा, कार्डाच्या एमएमसी नोडमध्ये 'नो-१-८-व्ही' हा गुण लिहा आणि परत बांधा. आता ओळ नुसती 'न्यू हाय स्पीड' अशी यायला हवी. किंमत वेगात मोजावी लागते: एसडीआर१०४ ची कमाल सेकंदाला १०४ मेगाबाइट, हाय स्पीडची २५. बदल केल्यावर पहिल्या वेळी रीस्टार्ट करू नका, पूर्ण बंद करा. जुन्या कर्नलने कार्ड अजून १.८ वरच ठेवलेलं असतं, आणि 'उपायही लागू पडत नाही' असा चुकीचा निष्कर्ष नेमका इथे निघतो.

कार्डाच्या वीजवाटेवर प्रोसेसरच्या ताब्यातला स्विच असेल, तर तो त्याच नोडमध्ये 'व्हीएमएमसी-सप्लाय' म्हणून जोडणं हा खरा इलाज. वेगही जात नाही. स्लॉटला वीज थेट असेल तर मात्र नो-१-८-व्हीवर समाधान माना.

प्रश्न : कर्नल सुरू होतो, ओळी धावतात आणि 'वेटिंग फॉर रूट डिव्हाइस' वर कायमचा थांबतो. कधी कधी मात्र नीट येतो. कार्डावर काही बदललेलं नाही.

उत्तर : 'कधी कधी येतो' हाच धागा. तुमच्या कर्नलच्या ओळीत (बूटलोडर कर्नलला देतो त्या सूचनांत) रूट, म्हणजे मुख्य फाइलसिस्टीमची जागा, 'एमएमसीबीएलके०पी२' अशी दिलेली असणार. हा ० कार्डाला जन्मभरासाठी मिळालेला नाही. डिव्हाइस ट्रीमध्ये क्रमांक बांधून दिलेले नसतील तर कार्ड आणि ईएमएमसी यांपैकी जे आधी जागं होईल ते ०. ज्या दिवशी ईएमएमसी आधी, त्या दिवशी कर्नल भलत्याच दारात उभा.

यंत्र चालू असताना 'बीएलकेआयडी' द्या, कार्डाच्या दुसऱ्या पार्टिशनचा पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळखक्रमांक) उतरवून घ्या आणि रूटच्या जागी 'पार्टयूयूआयडी=' लिहून तो द्या; हा शब्द इथे मोठ्या अक्षरांत. शेजारी दिसणारा नुसता यूयूआयडी वापरू नका. तो फाइलसिस्टीमचा असतो, आणि इनिटरॅमएफएस (कर्नलसोबत चढणारी तात्पुरती छोटी सिस्टीम) नसेल तर कर्नलला तो वाचता येत नाही. त्याच ओळीत 'रूटवेट' असू द्या. काही कार्डं जागी व्हायला वेळ घेतात (मानकाप्रमाणे १ सेकंदापर्यंत मुभा आहे) आणि रूटवेट नसेल तर कर्नल तेवढा थांबत नाही.

एक सापळा सांगायलाच हवा. आतल्या ईएमएमसीवरची सिस्टीम 'डीडी'ने जशीच्या तशी कार्डावर उतरवली असेल, तर दोन्हींचे पार्टयूयूआयडीही जुळे होतात. मग कर्नल कार्डावरचा, पण रूट आतला, असा प्रकार घडतो. यंत्र चालतं, म्हणून लक्षातही येत नाही. कार्डावर केलेले बदल 'टिकत नाहीत' एवढंच जाणवतं. एमबीआर (पार्टिशनांचा जुना तक्ता) पद्धतीच्या कार्डावर एफडिस्कमध्ये 'एक्स', मग 'आय', नवा आकडा, 'आर' आणि 'डब्ल्यू'. पार्टयूयूआयडी म्हणजे हाच ८ अंकी सोळा-आधारी आकडा, पुढे -०२. तो बदलला की कर्नलची ओळ आणि एफएसटॅब (पार्टिशनं कुठे जोडायची याची यादी) दोन्हीकडे बदला.

थांबण्याऐवजी 'व्हीएफएस : अनेबल टू माउंट रूट' येत असेल तर शेवटचा कंस वाचा. (१७९,२) असेल तर कार्ड (किंवा ईएमएमसी) सापडलंय: १७९ हा एमएमसीचा ठरलेला क्रमांक, २ म्हणजे दुसरं पार्टिशन. त्यावरची फाइलसिस्टीम कर्नलला वाचता येत नाही, इतकंच. (०,०) असेल तर यंत्रच सापडलेलं नाही. ड्रायव्हर कर्नलमध्ये नाही किंवा रूटचं नाव चुकलंय.

प्रश्न : चालत्या कार्डावरच्या सगळ्या फाइली नव्या ६४ जीबी कार्डावर कॉपी केल्या. लपलेल्यासुद्धा. नवं कार्ड मुळीच बूट होत नाही.

उत्तर : बूटलोडर फाइलींमध्ये नसतोच, निदान बऱ्याच यंत्रांत. ऑलविनरचा बूट रॉम कार्डाच्या सुरुवातीपासून ८ किलोबाइटवर पाहतो. रॉकचिपचा ६४व्या सेक्टरवर, म्हणजे ३२ किलोबाइटवर. त्याचं पुढचं यू-बूट नेहमी १६३८४व्या सेक्टरवर. या जागा पहिल्या पार्टिशनच्याही आधी येतात, कॉपी-पेस्टच्या हाती लागत नाहीत. म्हणून अख्खी इमेज 'डीडी'ने किंवा इमेज लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने उतरवावी लागते, आणि तीही पूर्ण कार्डावर, त्याच्या एखाद्या पार्टिशनवर नव्हे.

याच कारणाने ऑलविनरच्या कार्डावर जीपीटी (पार्टिशनांचा नवा तक्ता) पद्धत घेतली की घोटाळा होतो. जीपीटीचा तक्ता पहिले ३४ सेक्टर, म्हणजे १७ किलोबाइट, व्यापतो आणि ८ किलोबाइटवरचा बूटलोडर त्याच्या मधोमध सापडतो. दोघांपैकी जो नंतर लिहिला जाईल तो दुसऱ्याला मारतो. एच३, ए६४ आणि त्यापुढच्या चिपा १२८ किलोबाइटवरही पाहतात, तिथे लिहा. नाहीतर एमबीआर बरी.

टीआयच्या ओमॅप चिपांना मात्र फाइलच लागते: पहिलं पार्टिशन फॅट, त्यावर बूट झेंडा, आणि त्यात 'एमएलओ', मोठ्या अक्षरांत. ती सगळ्यात आधी कॉपी करायची.

तुमचं कार्ड ६४ जीबीचं आहे, म्हणजे दुकानातून आलं तेव्हा एक्सफॅटमध्ये असणार. फॅट शोधणाऱ्या बूट रॉमला ते वाचता येत नाही. सुरुवातीला २५६ एमबीचं फॅट३२ आणि उरलेलं एक्स्ट४, अशी वाटणी करा. एक्स्ट४ सुद्धा जपून: २०२३ मध्ये आलेल्या ई२एफएसप्रॉग्ज १.४७ पासून नव्या फाइलसिस्टीमवर 'मेटाडेटा_सीसम_सीड' आणि 'ऑर्फन_फाइल' आपोआप चालू असतात, आणि जुने बूटलोडर त्यांना अडखळतात. नवीन संगणकावर तयार केलेलं कार्ड जुन्या यंत्रात चालत नाही त्याचं हे आजकालचं कारण. कार्ड माउंट केलेलं नसताना 'ट्यून२एफएस -ओ' (हा ओ मोठा) देऊन, प्रत्येक नावाच्या सुरुवातीला ^ हे चिन्ह लावून ते दोन्ही बंद करता येतात.

'बूट डॉट एससीआर' हाताने लिहिली असेल तर आणखी एक. साध्या मजकुराचं नाव बदलून ती होत नाही. 'एमकेइमेज -टी स्क्रिप्ट'ने (टी मोठा) तिला यू-बूटचा मथळा चढवावा लागतो. नाहीतर 'बॅड मॅजिक' किंवा 'राँग इमेज फॉरमॅट' येतं.

प्रश्न : जुना विंडोज मोबाइलचा पॉकेट पीसी आहे. कार्डावरून हॅरेट चालवून लिनक्स सुरू करता येतं. रीसेटनंतर ते आपोआप व्हावं म्हणून हॅरेटला ऑटोरन नाव देऊन कार्डावर ठेवलं. हॅरेटची खिडकी उघडते, पुढे काही नाही.

उत्तर : फोल्डर बरोबर निवडलात हे खिडकी उघडते त्यावरूनच कळतं. आर्म प्रोसेसरसाठी त्याचं नाव २५७७ असावं लागतं. चूक पुढची आहे. विंडोज तो ऑटोरन कार्डावरून चालवत नाही. आधी आपल्या विंडोज फोल्डरात त्याची प्रत करतं आणि तिथून चालवतं. हॅरेट आपली 'स्टार्टअप डॉट टीएक्सटी' स्वतःच्याच फोल्डरात शोधतं, आणि ती तर कार्डावर राहिली. म्हणून २५७७ मध्ये हॅरेट ठेवूच नका. एक छोटा प्रोग्रॅम ठेवा जो कार्डावरच्या हॅरेटला पूर्ण पत्त्यासह हाक मारेल, आणि हॅरेट, स्टार्टअप फाइल, झेडइमेज (कर्नलची फाइल) एकाच फोल्डरात राहू द्या. फाइलीचं नाव 'डिफॉल्ट' असेल तर रन बटण दाबावं लागतं. आपोआप चालते ती 'स्टार्टअप'.

कार्ड काढताना तोच प्रोग्रॅम 'अनइन्स्टॉल' या शब्दासह पुन्हा चालतो, घालताना 'इन्स्टॉल'सह. तुमच्या प्रोग्रॅमने हा शब्द तपासलाच पाहिजे. झोपेतून उठतानाही अनेक यंत्रं कार्ड नव्याने घातल्यासारखं वागतात. तेव्हा विंडोजमध्ये अर्धवट काम ठेवून यंत्र झोपवलं, तर उठल्यावर समोर लिनक्स येईल आणि ते काम गेलेलं असेल. पाच सेकंदांचा 'रद्द करा' असा प्रश्न दाखवणं शहाणपणाचं.

प्रश्न : यूकन्सोल या हँडहेल्डमध्ये रास्पबेरी पायचं सीएम४ मॉड्यूल बसवलं. कार्ड नीट लिहिलंय, दुसऱ्या पायवर चालतं, इथे नाही.

उत्तर : मॉड्यूल लाइट (ईएमएमसी नसलेलं) आहे की ईएमएमसीवालं? ईएमएमसी असलेल्या सीएम४ मध्ये एसडीच्या तारा आतल्या चिपसाठीच खर्ची पडलेल्या असतात. स्लॉटमध्ये कार्ड घाला वा न घाला, त्याला ते दिसत नाही. तिथे कुठलीही सेटिंग कामाची नाही. लाइट घ्या, किंवा यूएसबीची वाट धरा.

लाइटच असेल तर बूट_ऑर्डर पाहा. हा सोळा-आधारी आकडा उजवीकडून डावीकडे वाचायचा: एफ४१ म्हणजे आधी १ एसडी, मग ४ यूएसबी, मग एफ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. एफ१४ असेल तर यूएसबी आधी. मॉड्यूलवरचा हिरवा दिवाही मोजा. ४ छोट्या उघडझापी म्हणजे 'स्टार्ट डॉट ईएलएफ' कुळातली फाइल नाही, ७ म्हणजे कर्नल नाही. दोन्हींत कार्ड वाचलं जातंय, फाइली अपुऱ्या आहेत.

प्रश्न : सहा महिने चाललेलं कार्ड अचानक बूट होईना. संगणकावर मात्र उघडतं, फाइली दिसतात.

उत्तर : फाइल दिसणं म्हणजे ती वाचता येणं नव्हे. आधी अख्ख्या कार्डाची 'डीडी'ने प्रत काढून ठेवा; वाचनाची चूक आली तर कार्ड थकलंय. प्रत विनातक्रार निघाली तर फॅट पार्टिशनवर 'एफएससीके' चालवा, मध्येच वीज गेल्याच्या खुणा बहुधा तिथे सापडतात. त्यानंतर कार्ड रिकामं करून 'एफ३राइट' आणि 'एफ३रीड' चालवा; पहिली आज्ञा कार्ड भरते, दुसरी ते परत वाचून तपासते. सांगितलेल्या क्षमतेपेक्षा खरी क्षमता कमी असलेलं बनावट कार्ड भरत भरत खऱ्या मर्यादेपर्यंत पोचेस्तोवर अगदी सज्जनासारखं वागतं. सहा महिन्यांनी बिघडण्यामागे हेही कारण असू शकतं.